छोटा काटाही सरकतो

गौरीजेवणाचा दिवस होता. १ सप्टेंबर २०२५, सोमवार. पुरण यंत्रात, एक हात दांड्यावर आणि ओट्यावर ठेवलेला फोन सारखा थरथरतोय. सुट्टीत शाळेच्या ग्रुपवर मखरांचे नि मोदकांचे फोटो येत असतात, म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही. शिवाय त्या चार दिवसांत मुंबईत दुसरा विषयच नव्हता. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने आझाद मैदान भरलेलं, सीएसएमटीला पाय ठेवायला जागा नाही. वाटलं, त्याचेच व्हिडिओ असतील. जेवणं उरकली, भांडी घासायला पडली, तेव्हा कुठे पदराला हात पुसून फोन उघडला. दोनशेच्या वर मेसेज. वरचाच होता : ‘बाई, आपण सगळे नापास.’

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या प्रत्येकाला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक, आधीपासून नोकरीत असलेल्यांनासुद्धा. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना सूट, पण त्यांना बढती नाही. बाकीच्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची किंवा सक्तीची निवृत्ती. माझी सोळा वर्षं उरली होती. सासूबाई म्हणाल्या, “काय गं, कोण गेलं का?” माझा चेहराच तसा झाला असणार.

शाळा उघडली त्या दिवशी स्टाफरूममध्ये चहाच्या आधी कॅलेंडर आलं. जो तो स्वतःची निवृत्तीची तारीख मोजत होता. मुख्याध्यापिका २०२८ ला निवृत्त होणार, त्या सुटल्या. पाचवीचे सर जून २०३० चे, तेही सुटले. ते एवढे खूश झाले की त्यांनी सगळ्यांना वडापाव खायला घातला. आणि आमच्या सातवीच्या बाई. त्यांची तारीख ३० नोव्हेंबर २०३०. निकालाच्या दिवसापासून मोजलं तर पाच वर्षं तीन महिने होतात. नव्वद दिवसांसाठी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी परीक्षा. बाई काही बोलल्या नाहीत. दप्तरातून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर ‘श्री’ काढला आणि तारीख टाकली.

मी भांडुपच्या पालिका शाळेत चौथीला शिकवते. वीस वर्षं झाली. डी.एड. २००३ चं, सातारा जिल्ह्यातलं. तेव्हा डी.एड. म्हणजे काय होतं ते आजच्या मुलींना सांगून पटत नाही. बारावीला चांगले मार्क पडलेली मुलगी इंजिनिअरिंग सोडून डी.एड.ला जायची, कारण दोन वर्षांत नोकरी. लग्नाच्या बाजारात ‘डी.एड. झालेली’ हे वेगळं क्वालिफिकेशन होतं. पुढे गल्लोगल्ली अध्यापक विद्यालयं निघाली, नोकऱ्या संपल्या आणि आता तिथे जागा रिकाम्या राहतात. पण आमच्या वेळी ते दोन वर्षांचं शिक्षण पिळून काढणारं होतं. सूक्ष्म अध्यापनात एकेक कौशल्य सुटं करून शिकवायचे : सज्जता प्रवर्तन, चेतक बदल, प्रबलन, फलकलेखन. सहा मिनिटांचा पाठ, समोर मुलांच्या जागी आपल्याच मैत्रिणी, आणि मागे बसलेले सर निरीक्षण वहीत लिहिणार, ‘खडूचा कर्कश आवाज टाळावा.’ पाठाचं टाचण निळ्या-लाल शाईत. शैक्षणिक साहित्य स्वतः बनवायचं, विकत आणलेलं चालायचं नाही. मी पुठ्ठ्याचं घड्याळ केलं होतं, काळे काटे आणि मधोमध पितळी पिन. ते घड्याळ अजून माझ्या कपाटात आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

त्यानंतर आम्हाला किती वेळा नव्याने शिक्षक बनवलं गेलं, हे मोजायला बसले तर बोटं पुरायची नाहीत. नोकरीला लागताच एमएस-सीआयटी, त्याशिवाय वेतनवाढ नाही. मग ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल करून-बघून स्वतःच शिकतं हा विचार. त्यात साताऱ्याच्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं नाव झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर्गात फरशीवर ऑइलपेंटने आकडे नि अक्षरं रंगवली. २०१५ साली पालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. २०१७ ला दीक्षा ॲप आलं, पाठ्यपुस्तकात चौकोनी ठिपक्यांचे कोड उगवले. करोनात व्हॉट्सॲपवर बाराखडी शिकवली. मग निष्ठा, अठरा मोड्यूलचं ऑनलाइन प्रशिक्षण. डिसेंबर २०२३ पासून हजेरी चॅटबॉटवर.

निष्ठाबद्दल एक कबूल करते. अठराची अठरा प्रमाणपत्रं माझ्या फाइलला आहेत. त्यातले निम्म्याहून अधिक व्हिडिओ मी फोन डब्याला टेकवून, भाजी चिरत ‘पाहिले’. शेवटची प्रश्नमंजूषा पुन्हा देता यायची, आणि उत्तरं ग्रुपवर आधीच फिरत असायची. मीही दोनदा टाकली आहेत. म्हणजे प्रशिक्षणात खोट होती असं नाही, काही व्हिडिओ खरंच सुरेख होते. पण पुढे ढकलायचं बटण हातात असलं की माणूस ढकलतोच.

टीईटीला तसलं बटण नाही. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, दीडशे मिनिटं. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. खुल्या वर्गाला साठ टक्के हवेत, म्हणजे नव्वद. आणि निकाल बहुतेक वेळा पाच टक्क्यांच्या आतबाहेर. शंभरातले पंच्याण्णव पडतात ती परीक्षा अवघड आहे की चुकीची, यावर आमच्या लोकलच्या डब्यात रोज वाद व्हायचा.

खरं तर या निकालात नवीन काहीच नव्हतं, आम्हीच कानाडोळा केला होता. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या केंद्राच्या एनसीटीईने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने टीईटी ही किमान पात्रता ठरवली. महाराष्ट्रात १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने ती लागू झाली आणि त्याच डिसेंबरात पहिली परीक्षाही झाली. माझ्या मागून आलेल्या मुली ती देत होत्या, मी त्यांना पेढे मागत होते. आपण त्याआधीचे, आपल्याला कोण विचारतो, असं धरून चाललो होतो. मधल्या काळात २०२१ साली टीईटी घोटाळा उघडकीला आला, पैसे देऊन गुण वाढवून घेतलेल्या हजारो उमेदवारांची यादी निघाली. आम्ही जुन्या शिक्षिका तेव्हा फार ताठ मानेने बोलायचो, “बघा, आम्ही बिनटीईटीचे, पण बिनघोटाळ्याचे.”

फॉर्म १५ सप्टेंबरपासून भरायचे होते. माझा तिथेच पहिला अडसर. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, डी.एड.वरही माहेरचं, आधारवर सासरचं, आणि शाळेच्या नोंदीत सासरचं, पण नवऱ्याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. नाव बदलाचं राजपत्र काढलेलं, पण ते कुठल्या पिशवीत आहे हे शोधण्यात अख्खा रविवार गेला. सापडलं ते लग्नाच्या अल्बमच्या खोक्यात. स्वयंघोषणापत्र स्वतःच्या अक्षरात लिहून त्याचा फोटो चढवायचा होता. वीस वर्षं फळ्यावर लिहून माझं अक्षर मोत्यासारखं झालंय असं लोक म्हणतात, पण त्या दिवशी तीन कागद फाडले. एक हजार रुपये भरले. भाची म्हणाली, “मावशी, पावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेव.” काढला. अजून आहे.

ही भाची बी.एड. करते आहे, दुसऱ्या वर्षाला. तिची वेगळीच रड. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, प्राथमिकचा डिप्लोमाच हवा. आणि नवीन धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता होणार. म्हणजे हिचा अभ्यासक्रम संपेपर्यंत हिचाच अभ्यासक्रम जुना. त्यातून सरकारी शाळेत लागायचं तर टीईटीनंतर पुन्हा अभियोग्यता चाचणी, दोन तासांत दोनशे प्रश्न, आणि मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. “तुला एक परीक्षा द्यायची तर एवढी रडतेस,” ती म्हणाली. मला राग आला आणि उत्तरही सुचलं नाही.

तिने माझ्या फोनवर एआयचं ॲप टाकून दिलं. म्हणाली, याला सराव प्रश्न विचार. पहिल्याच दिवशी मी व्याकरणातल्या प्रयोगांवर प्रश्न मागितले. त्याने विचारलं, ‘रामाने रावणास मारले’ हा कोणता प्रयोग? मी म्हटलं भावे. ते म्हणालं चूक, कर्मणी. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कर्माला प्रत्यय लागलाय, क्रियापद ना रामाकडे बघतं ना रावणाकडे, हा भावेच. तसं लिहिलं तर लगेच, ‘आपण अगदी बरोबर आहात, क्षमस्व.’ एवढ्या पटकन माफी मागणाऱ्या विद्यार्थ्यावर माझा विश्वास बसत नाही. पुढचं वाक्य दिलं, ‘मुलांनी झाडे लावली’. मी मुद्दाम भावे म्हटलं. ते म्हणालं, ‘बरोबर!’ बंद केलं. भाचीचे मात्र सगळे पाठ त्यावरच होतात. तिचं एक टाचण वाचलं, ‘परिसरातील झाडे’ या घटकावर, फार गोंडस भाषा, आणि पहिली कृती, ‘विद्यार्थ्यांना शाळेजवळील उद्यानात न्यावे.’ तिची आंतरवासिता, म्हणजे शिकवण्याचा सराव, ज्या शाळेत होती तिच्या एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला नाला आणि समोर हायवेचा सर्व्हिस रोड. मी विचारलं, “उद्यान कुठलं गं?” ती म्हणाली, “असतं गं मावशी, टाचणात लिहायचं असतं.” मग मला माझं २००२ सालचं टाचण आठवलं, त्यातही उद्यान होतं. लाल शाईत.

तर मग गाइड. दादरला उतरून तीन घेतली, एक पुरेसं होतं. अभ्यासाची जागा लोकल. सकाळी डोंबिवलीहून सहाच्या आतली स्लो धरते, तेव्हा बसायला मिळालं तरी डोळे उघडत नाहीत. दुपारी शाळा सुटल्यावर परतीची गाडी त्यामानाने रिकामी, खिडकी नाही तरी चौथी सीट मिळतेच. भांडुप ते डोंबिवली एवढ्या वेळात रोज एक प्रकरण, असं ठरवलं. आमच्या डब्यात दिव्याला उतरणाऱ्या दोन शिक्षिका होत्या, एक उर्दू माध्यमाच्या, एक खाजगी अनुदानित शाळेतल्या. दोघींचीही गाइडं बाहेर. मासे घेऊन चाललेल्या मावशी म्हणाल्या, “काय गं पोरींनो, या वयात कसला अभ्यास?” उर्दूच्या बाईंनी सांगितलं, “मावशी, नोकरी वाचवायचाय.”

बालमानसशास्त्र वाचताना गंमत झाली. पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, स्किनरचा उंदीर, कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी, हे सगळे जुने ओळखीचे. अभिजात अभिसंधान, साधक अभिसंधान, प्रयत्न-प्रमाद, मर्मदृष्टी, शब्द जिभेवर आले एकेक करून, शाळेतली कविता येते तसे. पण व्हायगॉटस्की मला डी.एड.ला नीट शिकवलाच नव्हता, किंवा मी नीट शिकले नव्हते. समीप विकासाचं क्षेत्र : मुलाला एकट्याला जमत नाही, पण थोडा हात दिला की जमतं, तेवढा पट्टा, शिकवायचं ते त्या पट्ट्यात. हे वाचलं आणि गाडीतच मनात चाळीस मुलांची यादी चालू झाली. याला हात दिला की जमतं, हिला नुसतं शेजारी उभं राहिलं की जमतं, याला कितीही हात दिला तरी नाही, कारण त्याची पायरी दोन इयत्ता खाली आहे. हे काम मी रोज करतच होते, पण त्याला नाव नव्हतं. बिननावाचं काम घाई असली की राहून जातं, हेही त्या आठवड्यात लक्षात आलं. वर्गात हजेरीच्या वहीत, प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने बारीक खूण करायला लागले.

आता घड्याळ.

गाइडात प्रश्न होता : ३ वाजून ४० मिनिटांनी दोन काट्यांतला कोन किती? मी म्हटलं, सोपं आहे. छोटा काटा तीनवर, मोठा आठवर, मध्ये पाच घरं, एका घराचे तीस अंश, दीडशे. पर्यायात १५० होतं. मागे उत्तर पाहिलं तर १३०. गाइडांत छपाईच्या चुका असतात, दुसरं उघडलं, तिथेही तसंच. भाचीला फोन केला. तिने सूत्र सांगितलं, मिनिटांना साडेपाचने गुणायचं, तासांना तीसने, वजाबाकी करायची : २२० वजा ९०. “पाठ कर मावशी, विचार करत बसू नकोस.” मी चौथीच्या मुलांना पाढेसुद्धा समजल्याशिवाय पाठ करू देत नाही, आणि हे साडेपाच आलं कुठून तेच कळेना. दोन दिवस डोक्यात किडा.

त्याच आठवड्यात वर्गात कालमापन चाललं होतं. आमच्या वर्गात आता भिंतीवर मोठा स्पर्शाचा पॅनल आहे. तो बसवला त्या दिवशी वर्गातल्या मॉनिटर मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. ऑफिसातून खडूची पेटी आणायचा मान तिचा होता. मी अजून रोज दोन तरी ओळी खडूने लिहिते, अर्ध्याहून अधिक तिच्यासाठी. तर पॅनलवर घड्याळ उघडलं. हल्लीच्या मुलांच्या घरी काट्यांचं घड्याळ असतंच असं नाही, सगळे मोबाइलमध्ये वेळ बघतात. एका मुलाला बोलावलं, म्हटलं, मोठा काटा बोटाने फिरव. त्याने तीनपासून सुरुवात करून मोठा काटा सरळ ओढत नेला. आणि दुसऱ्या बाकावरचा एक जण, जो एरवी वर्गात असतो की नसतो असं वाटतं, तो ओरडला, “बाई, छोटा काटापण सरकतो!”

मी पाहतच राहिले. मोठा काटा आठवर गेला तोवर छोटा तीन सोडून चारच्या दिशेने बराच पुढे आला होता. तासाचा काटा तासाभरात तीस अंश जातो, म्हणजे मिनिटाला अर्धा. चाळीस मिनिटांत वीस. दीडशेतून वीस गेले, एकशे तीस. आणि मोठा काटा मिनिटाला सहा अंश, त्यातला अर्धा छोट्याने खाल्ला, उरले साडेपाच.

मी शिक्षिका आहे, मला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतंच की, घरचं घड्याळ रोज बघते. पण वर्गात मी वीस वर्षं जे घड्याळ वापरलं त्यात पितळी पिन होती आणि दोन्ही काटे सुटे होते. मी छोटा काटा तीनवर ठेवायचे आणि मोठा फिरवायचे. तीन वाजून पाच, तीन वाजून वीस, तीन वाजून चाळीस, छोटा आपला तीनवरच. ज्या साहित्याला मला डी.एड.ला दहापैकी नऊ मिळाले होते, त्याने वीस बॅचेसना आणि मला अर्धं घड्याळ शिकवलं. मधल्या सुट्टीत ते कपाटातून काढलं. काट्याचं टोक मळलेलं, पिन काळवंडलेली. टाकून द्यायला हात झाला नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना दोन्ही घड्याळं दाखवली आणि विचारलं, यातलं खोटं कुठलं? वर्गात एवढा दंगा झाला की शेजारच्या बाई बघायला आल्या.

तंत्रज्ञानाबद्दल माझं मत यापलीकडे फार नाही. पॅनलने मला घड्याळ शिकवलं हे खरं. पण तो काटा सरकताना पाहिला तो त्या पोराने. मी एकटी बसले असते तर मोठ्या काट्याकडेच बघत राहिले असते.

परीक्षा २३ नोव्हेंबरला, रविवारी. परीक्षेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यात पेपरफुटीच्या प्रयत्नातली टोळी पकडल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि ग्रुपवर ‘परीक्षा रद्द?’ ‘परीक्षा होणार!’ असं सारखं चाललं. परीक्षा झाली. माझं केंद्र घाटकोपरला. रविवार म्हणजे मेगाब्लॉकची धास्ती, म्हणून पेपर साडेदहाचा असताना मी साडेसातलाच घरून निघाले. फाटकाबाहेर अर्धी जत्रा. वीस-बावीसच्या मुली आणि त्यांच्या शेजारी आमच्यासारख्या, पर्समध्ये रक्तदाबाची गोळी ठेवलेल्या. एका बाईंचे यजमान नातवाला कडेवर घेऊन उभे होते.

आत जाताना तपासणी, धातुशोधक फिरवला, बोटाचा ठसा, मग चेहऱ्याचं स्कॅन. चष्मा काढायला सांगितला. चष्म्याशिवाय मला समोरचा कॅमेरा दिसत नव्हता, आणि चष्मा घालून मी कॅमेऱ्याला पटत नव्हते. “मॅडम, इकडे बघा. इकडे.” तिसऱ्यांदा पटले. वर्गात गेल्यावर सवयीने आधी फळा बघितला. कोणीतरी लिहिलेला शनिवारचा सुविचार पुसायचा राहिला होता, ‘प्रयत्नांती परमेश्वर’, आणि त्यात ‘प्रयत्नांती’ ऱ्हस्व लिहिलं होतं. मला बाकावर बसवेना. शेजारची मुलगी तेवीस वर्षांची, नाशिकची, मुंबईत मावशीकडे राहून अभ्यास करणारी. तिचा हा तिसरा प्रयत्न. मला म्हणाली, “मॅडम, तुम्ही पास झालात तर तुमची जागा रिकामी होणार नाही ना?” हसतच म्हणाली, वाईट हेतूने नाही. मी म्हटलं, “नाही गं बाई.” तिच्याकडे बघून पुढे काही बोलवेना.

शिष्यवृत्तीच्या मुलांना मी ओएमआर, म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका शिकवते. माझा नियम : आधी प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीची खूण, दहा प्रश्न झाले की क्रमांक जुळवून एकदम दहा गोल, आणि प्रत्येक पाचव्या क्रमांकावर बोट ठेवून खात्री. हा नियम मोडणाऱ्या मुलांना मी उभं करते. मराठीच्या उताऱ्यावरचा एक प्रश्न मला संदिग्ध वाटला, म्हणून तो सोडून पुढे गेले. मराठी आपलं घरचं, म्हणून इथे खुणाबिणा न करता थेट गोल रंगवत होते. पाच गोल रंगवून झाल्यावर लक्षात आलं की सोडलेल्या प्रश्नाच्या ओळीत पुढच्याचं उत्तर गेलंय आणि पाचही एकेक घर वर सरकलेत. बॉलपेन. खोडायचं नाही. अंगावर सरसरून काटा आला. माझ्या वर्गातली एक मुलगी सरावात असंच झाल्यावर रडली होती आणि मी तिला म्हटलं होतं, “रडून गोल पुसला जातो का?” ते वाक्य त्या बाकावर मला ऐकू आलं.

गणिताला पन्नास मिनिटं गेली. घड्याळावर एकही प्रश्न नव्हता.

अंतरिम उत्तरसूची आली तेव्हा मी स्टुलावर बसून, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून गुण मोजत होते. बालमानसशास्त्र २३. गणित १७, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरे. परिसर २०. इंग्रजी १४. मराठी १५. सरकलेल्या पाचांपैकी एक नशिबाने बरोबर आलं होतं, चार गेले. बेरीज तीनदा केली, एकदा कॅल्क्युलेटरवर. ८९.

एखादा प्रश्न रद्द होऊन सगळ्यांना गुण मिळतात, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मिळाला तर मिळाला. ५ डिसेंबरला राज्यभर शिक्षकांनी शाळा बंद ठेवून या सक्तीविरुद्ध आंदोलन केलं, त्यात मी होते. परीक्षा दारात घ्यावी, घरात वीस वर्षं वावरलेल्याला बाहेर उभं करून घेऊ नये, असं माझं अजूनही मत आहे. घोषणा दिल्या, घसा बसला. आणि त्याच आठवड्यात घरी बसून केंद्राच्या टीईटीचा, म्हणजे सीटीईटीचा फॉर्म भरला, परीक्षा फेब्रुवारीची. भाची म्हणाली, “मावशी, नक्की कुठल्या बाजूला आहेस?” मी तिला कांदा चिरायला दिला.

सातवीच्या बाईंना ९६. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, त्यांच्या मुलाने स्टेटसला टाकल्यावर कळलं. जानेवारीतल्या महापालिका निवडणुकीच्या ड्युटीच्या प्रशिक्षणाला आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, मतदान यंत्र कसं जोडायचं ते समोर चाललं होतं. बाईंनी पर्समधून ती वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली तारीख. आत प्रत्येक प्रकरण, निळ्या-लाल शाईत, टाचणासारखं. मधे घड्याळाचं पान होतं, आणि काट्यांच्या आकृतीत छोटा काटा तीन आणि चारच्या मध्ये, थोडा चारकडे झुकलेला.

“तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“कशाचं?” त्या म्हणाल्या. “वही फेब्रुवारीनंतर परत दे हां. शेवटच्या पानांवर दूधवाल्याचा हिशेब आहे.”